थोरल्या कुत्र्याला सोबती आणताना: सोलापुरातील कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दहा-बारा वर्षे घरात वावरलेला कुत्रा दिवसभर उंबऱ्याशी पडून राहू लागला, फाटक वाजले तरी उठेनासा झाला, की घरातल्या कोणाच्या तरी तोंडून हमखास निघते, ‘एकटा पडलाय बिचारा, याला एक जोडीदार आणू या.’ हा विचार मायेपोटीच येतो. परंतु तो अमलात आणण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, म्हणजे रविवारी कोणाकडून तरी पिल्लू उचलून आणायचे आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात सोडायचे, ती दोघांवरही अन्याय करणारी आहे. जोडीदार कोणासाठी आणायचा हे ठरले असेल, तर तो कोणता आणायचा हेही त्याच्याच कलाने ठरवावे, एवढ्या एका सूत्रावर पुढील सर्व पायऱ्या बेतलेल्या आहेत. सोयीसाठी या लेखात घरातल्या वयस्क कुत्र्याला थोरला आणि नव्याने येणाऱ्याला धाकटा म्हटले आहे.

पायरी १: थोरला खरोखर एकटा पडला आहे का?

थोरला मंदावला याचा अर्थ तो एकाकी झाला असा होतोच असे नाही. बहुतेक वेळा त्याचे काहीतरी दुखत असते. मोठ्या अंगाचे कुत्रे ७-८ व्या वर्षीच उतरणीला लागतात, लहान चणीचे १०-११ वर्षांपर्यंत तग धरतात, आणि या वयात सांधे, दात, डोळे, कान व मूत्रपिंडे यांपैकी काहीतरी कुरकुरू लागते. कुत्रा वेदना बोलून दाखवत नाही, तो फक्त कमी हलतो. म्हणून सोबतीचा विचार मनात आला की पहिली फेरी पशुवैद्याकडे मारावी आणि रक्ताची सर्वसाधारण तपासणी, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या, दातांची पाहणी आणि सांध्यांची तपासणी करून घ्यावी. माणसांच्या डोकेदुखीच्या वा अंगदुखीच्या गोळ्या घरच्या घरी अर्धी-पाव करून देण्याची सवय अनेकांना असते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात, तेव्हा तो मार्ग पूर्ण बंद ठेवावा.

थोरला रात्री-अपरात्री उठून विव्हळत असेल, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल, वर्षानुवर्षे बाहेर जाणारा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला असेल, तर हा म्हातारपणी होणारा बुद्धिभ्रंशही असू शकतो. अशा कुत्र्याला रोजचा क्रम आणि ओळखीच्या जागा हाच आधार असतो आणि नवा कुत्रा नेमका तोच आधार काढून घेतो. अशा घरी दुसरा कुत्रा आणू नये, असेच माझे मत आहे.

वेदनेवर उपचार झाल्यावर महिनाभर थांबावे. सांधेदुखीचे औषध सुरू होताच थोरला पुन्हा फाटकापर्यंत जाऊ लागला आणि प्रश्न तिथेच मिटला, असे घडताना मी पाहिले आहे. औषधानंतरही तो इतर कुत्रे दिसले की शेपूट हलवतो, त्यांच्याकडे ओढ घेतो, पाहुण्यांच्या कुत्र्याजवळ आपणहून जाऊन बसतो, अशी चिन्हे दिसली तरच पुढची पायरी घ्यावी. जन्मभर दुसऱ्या कुत्र्यावर गुरगुरत आलेला कुत्रा म्हातारपणी मनमिळाऊ होईल, अशी आशा धरू नये.

पायरी २: घरातली बोलणी

सोलापुरातल्या कितीतरी घरांत आता मुले शिक्षणाला वा नोकरीला पुण्याला असतात आणि मागे साठी-सत्तरीचे आई-वडील आणि मुलांनी शाळेत असताना हट्टाने आणलेला कुत्रा राहतो. सोबती आणायची सूचना बहुधा पुण्याहून फोनवर येते आणि सांभाळायचे मात्र आई-बाबांना असते. म्हणून ही गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी: थोरला आणखी दोन-तीन वर्षांचा सोबती असेल, पण धाकटा चांगला दहा वर्षे जगेल, आणि थोरला गेल्यावर त्याला कोण पाहणार? ‘बघू तेव्हाचे तेव्हा’ हे उत्तर असेल, तर बेत तूर्त बाजूला ठेवावा. धाकटा केवळ थोरल्याचे औषध म्हणून आणला जात असेल तरीही तसेच करावे, कारण दोघांचे पटले नाही तर तो कोणालाच नकोसा होतो.

सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार, दोघांना वेगवेगळे न्यावे लागले तर वेळ आहे का, खाणे-लसी-दवाखाना यांचा खर्च दुप्पट होईल तो कोण देणार, हेही ठरवून घ्यावे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते; दोन कुत्र्यांचे पाणी, अंथरुणांची धुलाई आणि फरशीची पुसापुशी त्या साठवणीतूनच होणार आहे, हे घर चालवणाऱ्या व्यक्तीला आधी विचारावे. भाड्याचे घर असल्यास मालकाला सांगावे आणि कुत्र्याच्या नोंदणीबाबत महापालिकेत चौकशी करावी.

पायरी ३: कसा कुत्रा आणायचा?

इथे बहुतेक कुटुंबे चुकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘पिल्लू आणले की म्हाताऱ्यालाही पालवी फुटते’ हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात दोन-चार महिन्यांचे पिल्लू दिवसभर थोरल्याच्या कानाला लोंबकळते, शेपटी चावते, झोपेत अंगावर उडी घेते. मोठ्या कुत्र्याने गुरगुरून दिलेली समज पिल्लाला लगेच कळत नाही आणि कंबर दुखणाऱ्या थोरल्याला उठून दूरही जाता येत नाही. त्याला सोबत नव्हे, सासुरवास होतो. थोरला अजून ८-९ वर्षांचा, ठणठणीत आणि पिल्लांशी पूर्वीपासून प्रेमाने वागणारा असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी ३ ते ६ वर्षांचा, अंगातला धिंगाणा ओसरलेला आणि आधी इतर कुत्र्यांबरोबर राहिलेला कुत्रा शोधावा.

नर आणि मादी अशी जोडी साधारणपणे लवकर जमते, तर दोन माद्यांमधली भांडणे एकदा पेटली की दीर्घकाळ धुमसतात. मात्र नर-मादी ठेवायचे असतील तर नसबंदी आधी उरकावी. मादी साधारणतः सहा महिन्यांच्या अंतराने माजावर येते आणि गर्भ राहिल्यास सुमारे ६३ दिवसांत घरात पिल्लांचा घोळका उभा राहतो. नराची शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याच दिवसापासून निर्धास्त, असेही नसते; पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून तेवढा काळ मादीपासून अंतर राखावे.

वजनाचा मेळही पाहावा. ७-८ किलोच्या पामेरियनला ३० किलोच्या लॅब्रेडॉरचा प्रेमाने बसलेला धक्कासुद्धा महागात पडतो. आपल्या आणि शेजारच्या विजापूर-बागलकोट पट्ट्यात शेतवस्त्यांवर मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांचा मोठा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. मुधोळ हाऊंडवर तर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले. परंतु ही कुत्री नजरेने सावज टिपून त्यामागे धावण्यासाठी घडलेली आहेत. त्यांना रोज मोकळे पळायला जागा लागते आणि समोरून काही लहान, चपळ हलले की त्यांचे भान सुटते. पेठेतल्या दोन खोल्यांत, एका लहानशा म्हाताऱ्या कुत्र्याच्या सोबतीला त्यांना आणणे दोघांच्याही हिताचे नाही.

पायरी ४: शोध गल्लीपासून सुरू करावा

बाहेर चौकशी करण्याआधी आठ दिवस आपल्याच फाटकाशी खुर्ची टाकून बसावे. थोरला रोज ज्यांच्याशी जाळीतून नाक लावतो, ज्याला पाहून त्याचे अंग सैल पडते, असा गल्लीतला एखादा कुत्रा बहुधा असतोच. त्यांची ओळख वर्षानुवर्षांची असते, पहिल्या भेटीचा निम्मा ताण तिथेच संपतो. त्या कुत्र्याच्या एका कानाचे टोक इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या खाचेसारखे कापलेले असेल, तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. तशी शस्त्रक्रिया करताना रेबीजची लसही टोचतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे हे काम सध्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार चालते. अर्थात गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला घर हवेच असते असे नाही. काही दिवस त्याला अंगणात खाऊ घालून, आत-बाहेर करू देऊन पाहावे. दार लावताच तो घाबरून धापा टाकू लागला, तर त्याला फाटकाबाहेरचा मित्रच राहू द्यावे.

गल्लीत कोणी मिळाला नाही, तर पशुवैद्याकडे, जखमी कुत्र्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांकडे आणि बदलीमुळे गाव सोडणाऱ्या कुटुंबांकडे चौकशी करावी. ‘दत्तक’ म्हणून पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू पैसे घेऊन देणारा कोणी भेटला, तर तिथून परतावे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे आणि एवढ्या लवकर आईपासून तोडलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकलेले नसते.

दुसऱ्या घरातून कुत्रा घेताना त्याच्या सवयी, भीती आणि आजार यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न सोलापुरात अवश्य विचारावा: त्याला कोणत्या भाषेत हाक मारत होता? साखर पेठेतल्या तेलुगू घरात वाढलेला कुत्रा ‘रा’ म्हटल्यावर धावत येतो, कानडी घरातला ‘बा’ म्हटल्यावर. आपण ‘ये, ये’ करत बसतो आणि त्याला हट्टी ठरवतो. सुरुवातीला त्याचाच शब्द वापरावा. मराठी तो महिन्याभरात शिकतो.

पायरी ५: मुहूर्त

शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत मुले घरी असतात म्हणून त्या वेळी कुत्रा आणण्याचा मोह होतो. सोलापुरात यापेक्षा वाईट वेळ नाही. पारा चाळिशीच्या वर असताना थोरला आधीच धापा टाकत असतो, एकत्र फिरायला न्यावे तर सकाळी आठलाच डांबर तापते, आणि जूनमध्ये शाळा उघडली की घर एकदम रिकामे होते. दिवाळीचे फटाके, गणपतीतला आवाज आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) वेळचे शोभेचे दारूकाम हे दिवसही टाळावेत. गड्डा आटोपल्यानंतरचे दिवस, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, मला सर्वांत योग्य वाटतात. हवा थंड असते आणि ऊन तापायच्या आत दोघांची घडी बसते.

पायरी ६: चौदा दिवस वेगळे ठेवणे

ही पायरी मी स्वतः एकदा वगळली होती. आमची कुत्री राणी अकरा वर्षांची असताना आम्ही एक कुत्रा थेट घरात आणला. अंगावर दोन-चार गोचिड्या दिसल्या, त्या काढून टाकल्या आणि झाले असे मानले. तीन आठवड्यांनी राणीने खाणे सोडले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्तातल्या प्लेटलेट्स उतरल्या. गोचीडताप होता. महिनाभराच्या डॉक्सिसायक्लिनने ती वाचली, पण पूर्वीचे बळ परत आले नाही. नवा कुत्रा वरवर धडधाकट होता. दोष पूर्णपणे माझ्या घाईचा होता.

म्हणून धाकट्याला आणले की वाटेतच दवाखान्यात न्यावे. त्वचा, कान, विष्ठा आणि रक्त तपासून घ्यावे, गोचीड-पिसवांचे औषध व जंतांचे औषध सुरू करावे. खरूज असेल तर ती कोणत्या जातीची हे विचारावे, कारण एक प्रकार झपाट्याने दुसऱ्या कुत्र्याला आणि माणसालाही लागतो, तर दुसरा तसा पसरत नाही. रस्त्यावरून आलेल्या प्रौढ कुत्र्याच्या जननेंद्रियातून रक्त ठिबकत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. संपर्काने पसरणाऱ्या गाठींचा आजार आपल्याकडे भटक्या कुत्र्यांत आढळतो आणि तो औषधाने बरा होतो. लसी किती आणि कोणत्या अंतराने द्यायच्या हे डॉक्टर ठरवतील. पिल्लू असेल तर पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांची लस ६-८ आठवड्यांपासून सुरू होऊन १६ आठवड्यांचे होईपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते आणि रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर देतात. थोरल्याच्या वार्षिक लसी थकल्या असतील, तर त्या धाकटा येण्यापूर्वी पूर्ण कराव्यात.

त्यानंतर चौदा दिवस धाकट्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. जागा नसेल तर तेवढे दिवस नातेवाइकांकडे सोय करावी. त्याला हाताळून आल्यावर हात-पाय धुवावेत. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणाचे द्रावण आधी साफ केलेल्या फरशीवर दहा मिनिटे ठेवले तर त्याचा नाश होतो. हे द्रावण संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

हे चौदा दिवस वाया जात नाहीत. जुनी सोलापुरी चादर मधोमध फाडून एक तुकडा थोरल्याला आणि दुसरा धाकट्याला अंथरावा. धाकट्याच्या तपासण्या निर्धोक आल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, तुकड्यांची अदलाबदल करावी. एकमेकांचे तोंड दिसण्यापूर्वीच दोघांना एकमेकांचा वास ओळखीचा होतो. थोरला त्या तुकड्यावर निवांत झोपला, तर लक्षण चांगले आहे.

पायरी ७: पहिली भेट

पहिली भेट घरात, अंगणात किंवा फाटकाशी घडवू नये, कारण तो थोरल्याचा मुलूख आहे. जुळे सोलापूरकडे राहणाऱ्यांना थोड्या अंतरावर रिकामा प्लॉट किंवा शांत रस्ता सापडतो. पेठांत राहणाऱ्यांनी भल्या पहाटे रिक्षाने का होईना, पण थोरल्याने रोज लघवी करून आपलीशी न केलेल्या जागी जावे. तलावाकाठची सकाळची गर्दी आणि तिथली मोकाट टोळी टाळावी.

दोन माणसे, दोन पट्टे, आणि सुरुवातीला दहा-पंधरा पावलांचे अंतर. समोरासमोर उभे न करता दोघांना एकाच दिशेने चालवावे आणि पट्टे सैल ठेवावेत, कारण पट्टा ताणला की कुत्र्याला धोका जाणवतो. अंग सैल राहिले तर हळूहळू अंतर कमी करावे. एकमेकांचा मागचा भाग तीन-चार सेकंद हुंगू द्यावा आणि मग हाक मारून पुढे चालावे. अंग ताठरणे, तोंड मिटून टक लावून पाहणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, शेपटी उंच व ताठ होणे ही चिन्हे दिसली की आवाज न चढवता अंतर वाढवावे. वारंवार ओठ चाटणे आणि जांभई देणे म्हणजे तो अवघडला आहे. पंधरा-वीस मिनिटांत भेट आटोपून दोघांनी वेगवेगळे घरी यावे. अशा तीन-चार भेटी सलग सुरळीत झाल्या की त्या दिवशी चालत चालतच दोघांनी एकत्र घरात शिरावे.

थोरला गुरगुरला तर त्याला दरडावू नये. गुरगुरणे म्हणजे ‘पुरे’ असे सांगणे आहे. ते दाबून टाकलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. अशा वेळी धाकट्यालाच बाजूला घ्यावे.

पायरी ८: घरातले पहिले आठवडे

धाकटा आत येण्यापूर्वी जमिनीवरची हाडे, खेळणी आणि जेवणाची भांडी उचलून ठेवावीत. थोरल्याची झोपायची जागा, खाण्याची वेळ आणि फिरण्याचा रस्ता जसाच्या तसा ठेवावा. बदल करायचा तो धाकट्याच्या वाट्याला. थोरल्याला एक अशी जागा असावी जिथे धाकटा जाऊच शकत नाही. दाराला गुडघाभर फळी आडवी लावली तरी काम भागते. गुळगुळीत टाइल्सवर म्हातारे पाय घसरतात आणि मागून धाकटा धावत आला की थोरला सावरू शकत नाही, म्हणून त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुन्या चादरी किंवा रबरी मॅट पसराव्यात.

जेवण दोन खोल्यांत, दार लावून, आणि संपताच भांडी उचलावीत. भांडणाचे पहिले कारण अन्न असते; शिवाय थोरल्याला मूत्रपिंडासाठी वेगळा आहार सुरू असेल तर तो धाकट्याने आणि धाकट्याचा पौष्टिक आहार थोरल्याने खाऊन चालत नाही. रस्त्यावर वाढलेला धाकटा मिळेल ते गिळतो, म्हणून आपल्या जिल्ह्यात घरोघरी असणाऱ्या दोन गोष्टी विशेष जपाव्यात: द्राक्षे व बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, आणि कांदा, मग तो कच्चा असो वा शिजवलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. पाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी कायम भरलेली असावीत.

पहिले तीन आठवडे दोघांना घरात एकटे सोडू नये. बाहेर जाताना खोल्या वेगळ्या. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. दोघांवर जाड चादर टाकावी, बादलीभर पाणी ओतावे किंवा मध्ये फळी सरकवावी. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरच्याच कुत्र्याने चावले म्हणून थांबू नये.

नव्या घरात पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला रोजचा क्रम कळतो आणि तीन महिन्यांत तो घरचा होतो, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. थोरल्याला याहून अधिक काळ लागू शकतो. दोघे एकमेकांना चिकटून झोपतीलच असे नाही. एकाच खोलीत, दोन कोपऱ्यांत, पाठ करून निवांत घोरत असतील, तर जोडी जमली असे समजायला हरकत नाही.

पायरी ९: जमले नाही तर

थोरल्याचे खाणे कमी होत असेल, तो सतत लपून बसत असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त निघेपर्यंत दुसऱ्यांदा भांडण झाले असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवावे आणि वेदनेचे कारण नाही याची खात्री करावी. तरीही महिन्या-दोन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर धाकट्यासाठी दुसरे घर शोधणे यात कमीपणा नाही. म्हणूनच ज्यांच्याकडून तो घेतला त्यांच्याशी परतीचे बोलणे पहिल्याच दिवशी करून ठेवावे. त्याला जिथून आणला तिथे, किंवा दूर कुठे हायवेला नेऊन सोडणे हा मार्ग नाही. उपासमारीत टाकून प्राणी सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

नवे घर मिळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे. सोपवताना त्याच्यासोबत लसीचे कार्ड, नसबंदीचा कागद, अंगाखालचा चादरीचा तुकडा आणि आठवडाभराचे नेहमीचे खाणे द्यावे. आणि तो कशाला घाबरतो, किती वाजता बाहेर जातो, कोणत्या शब्दाला धावत येतो, हे एका कागदावर लिहून द्यावे.